देव चौकटीत, भक्त चौकटीबाहेर

(फलटण येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

१८८९ सालच्या जुलैमध्ये पॅरिसला एका चित्राचा लिलाव झाला. चित्र आकाराने अगदी बेताचे, ५५ सेंटिमीटर उंच आणि ६६ रुंद. विषयही लिलावाची गर्दी खेचेल असा नव्हता. बटाट्याच्या शेतात दिवस मावळताना उभे असलेले एक नवराबायको, एवढाच ऐवज. तरी बोली साडेपाच लाख फ्रँकांच्या वर गेली. फ्रेंच सरकारला ती परवडली नाही आणि चित्र अमेरिकेला रवाना झाले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या एका बड्या दुकानमालकाने त्याहून जास्त पैसे मोजून ते परत आणले. झाँ-फ्रान्स्वा मिलेचे हे ‘अँजेलस’ १८५७ ते १८५९ या काळात रंगवलेले आहे.

चित्र जवळून पाहण्यासारखे आहे. कुदळीसारखे काटेरी अवजार मातीत उभे खोचलेले, पायाशी बटाट्याची टोपली, मागे पोती लादलेली एकचाकी गाडी. पुरुषाने टोपी काढून दोन्ही हातांत धरली आहे, आणि ती कशी धरावी हे त्याला नीटसे उमगलेले दिसत नाही. बाईची मान खाली, हात छातीशी जुळलेले. दूर क्षितिजावर चर्चचा मनोरा बोटाच्या पेराएवढा. तिथली संध्याकाळची घंटा झाली म्हणून दोघे थांबले आहेत. मिलेने पुढे सांगितले की त्याची आजी शेतात काम करताना घंटा ऐकली की सगळ्यांना थांबवायची आणि गेलेल्या गरीब माणसांसाठी प्रार्थना करायला लावायची, त्या आठवणीतून हे चित्र आले. गंमत अशी की ज्या अमेरिकन गिऱ्हाइकाने ते सांगून करून घेतले तो न्यायला आलाच नाही, आणि तो मनोराही मिलेने मागाहून घातला. मिले स्वतः फारसा देवभोळा नव्हता. त्याला शेतकऱ्याचे उभे राहणे ठाऊक होते, तेवढ्यावर भागले.

आता प्रश्न फलटणचा. या तालुक्यात पेरणीच्या दिवशी पाभरीला हळदकुंकू लागते, नारळ फुटतो, कुणी डोक्यावरची टोपी नीट करतो, देवाचे नाव घेतो आणि मगच चाड्यावर मूठ धरतो. ‘अँजेलस’मध्ये जे आहे ते सगळे इथे आहे: माती, अवजार, नवराबायको, कामाच्या मधोमध आलेली दोन क्षणांची प्रार्थना. मग चाड्यावर मूठ धरलेल्या त्या शेतकऱ्याचे मराठी तैलचित्र कुठे आहे? ज्याने ते रंगवले आणि ज्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे असा चित्रकार कोण? गेल्या शतकातल्या मराठी चित्रकारांची यादी काढून बसले तरी उत्तर चटकन सापडत नाही. चित्रकारांचा तोटा नव्हता. तैलरंगाचे कसब नव्हते असेही नाही. भक्तीची टंचाई तर या मुलखात कधीच नव्हती.

‘अँजेलस’ला हात लागला त्याच १८५७ साली मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. तिथे मराठी मुले समोरचे माणूस जसे दिसते तसे काढायला शिकली: छायाप्रकाश, शरीररचना, यथार्थदर्शन. युरोपात ही विद्या त्या काळात शेतकरी, गवंडी, दगडफोडे यांच्याकडे वळत होती. गुस्ताव कूर्बेने ऑर्नांसारख्या आडगावातली एक अंत्ययात्रा साडेसहा मीटर लांबीच्या कॅनव्हासवर रंगवली, तेव्हा लोक चिडले ते याचसाठी, की एवढी जागा राजाला किंवा देवाला द्यायची, गावकऱ्यांना कसली? तिथे देव चित्रातून हळूहळू बाहेर पडत होता आणि मागे प्रार्थना करणारा माणूस तेवढा उरत होता.

इकडे नेमके उलटे घडले. हाडामांसाचा माणूस काढता येऊ लागल्यावर पहिल्यांदा त्या हाडामांसात देव उतरले. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यात काम केले. तिथून निघालेली लक्ष्मी, सरस्वती, शंकर, दत्त खेड्यापाड्यांत पोहोचले. बायकांनी लक्ष्मीच्या लुगड्याला खरी जर चिकटवली, टिकल्या लावल्या, काच बसवून तसबीर देव्हाऱ्यात ठेवली. आता चित्रातला देव शेजारच्या बाईसारखा दिसत होता आणि त्याच्यापुढे खरी बाई हात जोडून उभी होती. मिलेने जिला चित्रात उभे केले, ती आपल्याकडे चित्रासमोर उभी राहिली. मराठी वास्तववादी चित्रकलेत खेड्यातली भक्ती का दिसत नाही याचे उत्तर इथे आहे. ती भक्ती चित्राच्या अलीकडे, पाहणाऱ्याच्या जागी होती.

याला रोकडी कारणे होती. शेतकरी पैसे देऊन देव विकत घेईल. स्वतःचे घामेजलेले चित्र तो भिंतीवर कशाला लावील? मिलेची चित्रे तरी शेतकऱ्यांनी कुठे घेतली? ती घेतली शहरातल्या पैसेवाल्यांनी, ज्यांना गाव सुटल्याची हुरहूर होती. मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्याला ती हुरहूर अजून लागायची होती. त्याचे गाव सुटलेच नव्हते, सणाला तो घरी जातच होता. त्याला हवे होते वडिलांचे पगडीतले पोर्ट्रेट. संस्थानिकांना हवे होते दरबार आणि पुराण. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत येणाऱ्या साहेबांना देशी ‘नमुने’ हवे असत: पाणक्या, फकीर, कोळीण. नमुन्याला पोशाख असतो, प्रार्थना नसते. असली तर तीही पोशाखाचाच भाग.

फलटणच्याच सातारा जिल्ह्यातले औंध या कहाणीत ठळक बसते. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः कुंचला चालवणारे राजे. त्यांनी ‘चित्ररामायण’ काढले, ते १९१६ साली प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी पैसा दिला आणि तिच्यासाठी चित्रेही काढली. जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला आले आणि वेदांच्या संशोधनात असे रमले की आज लोकांना ते पंडित म्हणूनच ठाऊक आहेत. १९३८ मध्ये उभ्या राहिलेल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, हेन्री मूरचे दगडी शिल्पसुद्धा आहे. असा रसिक राजा पुढच्या वर्षी महात्मा गांधींच्या सल्ल्याने आपल्या गावकऱ्यांच्या हाती कारभार सोपवतो; पण त्याच्या चित्रांत रामाच्या रथामागे धावणारी प्रजा असते, यमाईच्या डोंगराची पायरी चढणारी औंधची म्हातारी नसते. हा दोष पंतांना द्यावा असे नाही. चित्राने काय करायचे याची त्या काळची समजूतच तशी होती. मात्र राज्य देण्याइतका गावकरी मोठा झाला तरी चित्राचा विषय होण्याइतका झाला नाही, हे नजरेआड करता येत नाही.

फलटणला तर भक्तीची एक फार वेगळी परंपरा आहे. महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी चक्रपाणी, म्हणजे चांगदेव राऊळ, बाराव्या शतकात फलटणला जन्मले. पंथाच्या परंपरेनुसार ते द्वारकेला जाऊन हाती खराटा आणि सूप घेऊन रस्ते झाडत. अवतारपुरुष म्हणून रस्ता झाडणारा माणूस! एखाद्या वास्तववादी चित्रकाराला याहून चांगला विषय कोण देणार? गल्लीतली धूळ, वाकलेली पाठ, खराट्याचे फराटे. पण महानुभाव पंथ मूर्ती आणि चित्रांच्या वाटेला फारसा गेला नाही. अवताराचा जिथे पदस्पर्श झाला ते ओटे, ते पाषाण त्यांना वंदनीय. म्हणजे जिथे विषय होता तिथे चित्राची गरज वाटली नाही, आणि जिथे चित्राचा कारखाना होता तिथे या विषयाची.

तरी काही जणांच्या हातून चौकट थोडी सरकली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर हे त्यांतले मोठे नाव. देवादिकांच्या छापील चित्रांवर त्यांची उपजीविकाही झाली आणि कीर्तीही. पण सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने आपल्या वारांच्या आणि व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या, त्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या १९१४ च्या पुस्तकाला चित्रे धुरंधरांची आहेत. कहाणी हा प्रकारच असा की देव दारात येतो, पण केंद्रात असते व्रत करणारी बाई. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाने हुकूम काढून गावाचे सगळे दूध गाभाऱ्यात ओतायला लावले, तरी गाभारा भरेना. एका म्हातारीने लेकरासुनांना पोटभर घातले, वासरांना पाजले आणि मग उरलेले खुलभर दूध आणून ओतले, तेव्हा तो भरला. या कहाणीत धर्मशास्त्र फार थोडे आणि घरातली व्यवस्था पुष्कळ. चूल, गोठा, वासरू, सून. देवळात जाण्याआधीची तिची सकाळ हाच खरा चित्राचा मजकूर. धुरंधरांच्या रेषेला लुगड्याचा घोळ आणि अंगणातली लगबग ठाऊक होती, म्हणून अशा कहाण्यांना त्यांचा हात शोभला. ही चित्रे मात्र पुस्तकात राहिली, भिंतीवर गेली नाहीत.

सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी भक्त एकट्याला चित्रात आणला. त्यांच्या ‘मोहमेडन पिलग्रिम’ या तैलचित्राला १९२५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. मराठी हिंदू चित्रकाराने मुसलमान यात्रेकरू रंगवावा आणि तो गाजावा, ही गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते. त्यांचे त्याहून लोकप्रिय चित्र म्हणजे १९४५-४६ सुमाराचे ‘ग्लो ऑफ होप’. हातात समई घेतलेली मुलगी, ज्योत वाऱ्याने विझू नये म्हणून आड धरलेला तळवा, आणि बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड. मुलगी त्यांचीच लेक. चित्र जलरंगात आहे, हे सांगितल्याशिवाय अनेकांना पटत नाही. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि पाहणारे सर्रास ते रविवर्म्याचे म्हणून सांगतात. रविवर्मा १९०६ सालीच वारला होता, तरीसुद्धा. ही चूक बोलकी आहे. दिवा, बाई, सात्त्विकता दिसली की आपल्या डोळ्यांना रविवर्माच दिसतो. देवाच्या चित्रांची सवय एवढी, की दिवा लावणारी साधी पोरही देवी होऊन बसते. शिवाय ती घरातली आहे, मध्यमवर्गीय आहे. शेतावरची नाही.

कोल्हापूरचे अबालाल रहिमान शाहू महाराजांच्या पदरी होते. त्यांनी भक्तीची जागा रंगवली, माणसे बाजूला ठेवून. रंकाळ्याच्या पाण्यातला संध्यामठ त्यांच्या कुंचल्यात पुन्हा पुन्हा येतो: दगड, पाण्यावरची तिरीप, दिवसाची कुठली तरी नेमकी वेळ. घराण्यात कुराणाच्या प्रती हाताने लिहिण्याची परंपरा, आणि हा माणूस अंबाबाईच्या गावचे दगड इतक्या मायेने पाहतो. महाराज १९२२ मध्ये गेले तेव्हा अबालालांनी आपली बरीच चित्रे कोटितीर्थाच्या तळ्यात सोडली असे कोल्हापुरात सांगतात. खरेखोटे काही असो, असे सांगावेसे वाटते यातच त्यांच्याविषयीचा आदर आला.

खेड्यातला भक्त मराठी चित्रकारांनी अखेर रंगवला, पण कॅनव्हासवर नव्हे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले. त्यांच्या ‘सावकारी पाश’ने १९२५ मध्ये सावकाराच्या तावडीतून जमीन न सुटलेला शेतकरी पडद्यावर आणला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, प्रभातचे ‘साहेबमामा’, हे दोघे मुळात चित्रकार. त्यांनी १९३६ साली ‘संत तुकाराम’ केला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला.

या सिनेमात विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम आहेच. लोक त्यांच्या पाया पडत, म्हणजे तिथेही पुन्हा तसबीरच झाली. पण खरे वास्तव उभे राहते ते गौरीबाईंच्या जिजाईत. तिची म्हैस, तिचे शेण, तिची रिकामी मडकी, तिचा चढलेला आवाज. पोर आजारी पडते तेव्हा ती पोराला घेऊन देवळात जाते आणि हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारते. मिलेच्या त्या बाईने मान खाली घातली, जिजाईने वर केली. दोघींची भक्ती सारखीच खरी. पण जिजाईची मराठी आहे. ‘काळ्या’ म्हणून देवाला शिव्या घालण्याचा हक्क इथे बाईला जनाबाईपासून आहे. हा हक्क तैलचित्रात कसा दाखवायचा, हा आमच्या चित्रकारांपुढचा खराखुरा पेच होता. हात जोडलेले काढणे सोपे आहे. भांडणारी भक्ती काढायला चेहऱ्यावर राग हवा आणि रागाच्या आत सलगी. आणि तो चेहरा प्रदर्शनात साहेबाला कळला असता का?

वारी हा तर असा विषय की त्यावर चित्रे निघायला हवी होती ढिगांनी. माउलींच्या पालखीला आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते सातारा जिल्ह्यातल्याच आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. लोणंद, तरडगाव, वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळचे पहिले उभे रिंगण, मग फलटणचा विमानतळावरचा तळ, पुढे बरड. एम. एफ. हुसेन पंढरपूरला जन्मला, पण तो वेगळ्या वाटेने गेला. वारीची जी वास्तववादी म्हणावीत अशी चित्रे दुकानांत, कार्यालयांत लागलेली दिसतात, त्यांत पताका असतात, पावसाळी आभाळ असते, टाळ उंचावलेला असतो आणि सगळे वारकरी एकाच चेहऱ्याचे, एकाच आनंदात बुडालेले. अलीकडे त्यात वरून टिपलेल्या ड्रोन-छायाचित्रांची भर पडली आहे; तिथून तर माणूस ठिपक्याएवढाही उरत नाही. संदेश भंडारे यांच्यासारख्या छायाचित्रकाराने वारीत चालून माणसे जवळून टिपली, तेवढे धाडस रंगांच्या बाजूने फार थोड्यांनी केले.

या ठिकाणी रशियन चित्रकार इल्या रेपिनची आठवण काढावी लागते. ‘कुर्स्क प्रांतातील धार्मिक मिरवणूक’ हे त्याचे चित्र १८८० ते १८८३ मधले, १७५ बाय २८० सेंटिमीटरचे. तीही एक वारीच आहे: धुळीचा रस्ता, शेकडो माणसे, फुलांनी मढवलेली पालखीवजा दिवटी खांद्यावर घेतलेले शेतकरी. दोन बायका पवित्र प्रतिमेची रिकामी पेटी इतक्या जपून धरून चालल्या आहेत की पाहणाऱ्याला हसूही येते आणि गलबलूनही येते. खरी प्रतिमा एका जाड्या जमीनदारणीच्या हातात. घोड्यावरचा शिपाई चाबूक उगारतो आहे. कडेने कुबडीवर चाललेल्या पाठीला पोक आलेल्या मुलाला कुणीतरी काठीने मागे सारतो आहे आणि तो तरी पुढेच वाकला आहे. मागची टेकडी झाडे तोडून उघडी केलेली, नुसते बुंधे उरलेले. या चित्रात भक्तीची कुठेही टिंगल नाही. सगळ्यात जास्त भक्ती त्या पोक आलेल्या पोराच्या अंगात आहे आणि रेपिनने ती तिथेच ठेवली. रांगेत कोण पुढे, कोण मागे, कुणाला ढकलतात, हे मात्र त्याने लपवले नाही.

आपल्या वारीतही मान आहेत, रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्या आहेत, त्यांचे क्रमांक आहेत, कडेने एकटीच चालणाऱ्या बाया आहेत ज्यांचे नाव कुठल्याच दिंडीच्या वहीत नाही. मुक्कामाच्या तळावर दुपारी काय चालते? न्हावी दाढ्या करतो, चांभार वहाणा शिवतो, कुणी टाचेच्या फोडावर तेल चोळतो, टँकरच्या नळाला बायकांची रांग, तुळशीवृंदावन डोक्यावरून उतरवून ठेवलेली म्हातारी त्याच्याकडे पाठ करून भाकरीचा तुकडा मोडते. कीर्तनाला अजून वेळ आहे. चित्रकाराने यायचे ते या वेळी.

अडचण मॉडेलची आहे, असे चित्रकार म्हणतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. व्हिल्हेल्म लाइबल या जर्मन चित्रकाराने ‘चर्चमधल्या तीन बायका’ हे चित्र बेर्बलिंग गावच्या चर्चमध्येच १८७८ ते १८८२ पर्यंत रंगवले; गावातल्या बायका त्या गारठ्यात वर्षानुवर्षे बसत आल्या. इथे वारकरी दुसऱ्या दिवशी पहाटे बरडच्या वाटेला लागतो आणि शेतातल्या बाईला रोजंदारी बुडवून बसायला सांगणे म्हणजे तिची दिवसाची मजुरी चित्रकाराच्या खिशातून जाणार. रेपिननेही आपल्या मिरवणुकीतली माणसे एकेक करून वेगवेगळ्या ठिकाणी रेखाटली होती, त्या पोक आलेल्या पोराच्या अभ्यासाची रेखाटने वेगळी आहेत. कॅनव्हास नंतर, स्टुडिओत. तेव्हा कलामहाविद्यालयांतल्या मुलांनी आषाढात स्केचबुक घेऊन फलटणच्या तळावर दुपारभर बसावे, बसवून घेतलेल्या माणसाला त्याची मजुरी द्यावी, आणि काढलेले चित्र त्यालाच आधी दाखवावे. तो ‘हे माझे तोंड नव्हे’ म्हणाला, तर पुन्हा काढावे.